रकाना तिसरा : कोण जाणे

वेळावदर, १४ डिसेंबर, रात्री

सकाळ काळविटांनी खाल्ली. इतके कळप, की तासाभराने ड्रायव्हरला 'थांबवा' म्हणायची लाज वाटायला लागली. एकेकाळी हे भावनगरच्या महाराजांचं राखीव गवती रान. पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चालायची. १९७६ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, आजही जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. चित्ते गेले, काळवीट राहिले.

पाणथळीवर क्रौंच होते, पण फार लांब. नुसता आवाज ऐकला.

खरं तर आलो होतो भोवत्या या शिकारी पक्ष्यांसाठी. हॅरियर म्हटलं की पटकन कळतं, पण मला भोवत्याच आवडतो. गवतावरून घिरट्या घालणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतात, हिवाळाभर टोळ-नाकतोड्यांवर जगतात आणि रात्री झाडावर न जाता सरळ जमिनीवर, उंच गवतात झोपतात.

दुपारी एक मादी वाटेच्या कडेलाच बसलेली दिसली. दुर्बिणीत चेहरा भरला आणि मी चपापलो. घुबड! गालांभोवती पिसांची तशीच गोल तबकडी. गवतातली खुसखुस त्या तबकडीमुळे कानांपर्यंत पोचते. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मान तिरकी करून गवत ऐकत बसली होती.

साडेपाचला, झोपायला उतरणारे भोवते जातीनुसार मोजायला वही उघडून बसलो. नर सोपे : पंखांच्या टोकाला काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या, पंखावर काळी आडवी रेघ असेल तर मॉन्टेग्यूचा. माद्या आणि कोवळे पक्षी मात्र सगळे तपकिरी, सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी तोच पांढरा पट्टा. शेवटी तिसरा रकाना पाडला, 'कोण जाणे'. त्यात एक उतरला की दुसरा उठायचा, थोडं फिरून भलतीकडेच बसायचा.

"हा मघाचाच," ही म्हणाली.

"कशावरून?"

"तुझ्या रेघा कशावरून?"

उजेड संपत आला तसं आकाशच भरून गेलं आणि मी पेन खिशात टाकलं. दहा मिनिटांत सगळे खाली. समोर नुसतं गवत, वाऱ्याने हलणारं, कोणीच नसल्यासारखं. गाइडने खुणेनेच निघायला सांगितलं.

आता वही बघतोय. 'कोण जाणे'खाली एकसष्ट रेघा. हिच्या मते त्यातल्या वीस तरी एकाच बाईच्या आहेत.