बिल्टीच्या पाठीवरचा नकाशा

२०१५ची दिवाळी मी नेपाळच्या सीमेवरच्या, बिहारमधल्या रक्सौलला काढली. औषधांनी भरलेले आमचे चार ट्रक रांगेत अडकले होते आणि मुंबईहून रोज एकच फोन: सुटले का? नाकाबंदी भारताने केली असं काठमांडू म्हणे, नव्या संविधानावर नाराज असलेल्या मधेशी, म्हणजे नेपाळच्या सपाट तराई भागातल्या, आंदोलकांनी केली असं दिल्ली म्हणे. आमचे ड्रायव्हर विटांच्या चुलीवर भात शिजवत बसले होते.

एका सकाळी वैतागून बिल्ट्यांची, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्यांची, फाइल बगलेत मारली आणि सीमेवरच्या मितेरी पुलावर गेलो. दशगजात, म्हणजे दोन देशांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, आंदोलक बांबू आडवे टाकून बसले होते. म्हटलं, निदान औषधं तरी सोडा. एका निवृत्त मास्तरांनी मला चहा दिला, माझ्याच हातातली बिल्टी उलटी केली आणि तिच्या पाठीवर नेपाळ काढला. आडवा, जरा तिरका.

त्याचे सात तुकडे केले. सप्टेंबरमध्ये लागू झालेल्या संविधानातले हे सात प्रांत. तराईचे जिल्हे तेव्हा २०. त्यातले सप्तरीपासून पर्सापर्यंतचे ८ एका प्रांतात, बाकीचे पहाडी जिल्ह्यांच्या प्रांतांत वाटलेले. पूर्वेच्या झापा, मोरंग, सुनसरीवर आणि पश्चिमेच्या कैलाली, कंचनपूरवर त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तिकडे आम्ही मधेशी अल्पमतात, म्हणाले.

मी मूळचा बेळगावचा. नकाशावरची रेघ घरात कशी शिरते हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मग सुनेवर आले. ती बिहारमधल्या मोतिहारीची. लग्न करून आलेली बाई अंगीकृत, म्हणजे वंशाने नव्हे तर नंतर झालेली, नागरिक; तिला मुख्यमंत्री होता येत नाही. "आमची सून कशाला होतेय मुख्यमंत्री! पण कलम लिहून मनाई?" सगळे हसले, मास्तर सोडून.

ट्रक काही सुटले नाहीत. परतताना शेतांच्या बांधावरून सायकलींना लटकवलेले पेट्रोलचे डबे मात्र बिनबोभाट नेपाळात चालले होते.

जानेवारीत संविधानात पहिली दुरुस्ती झाली: मतदारसंघांना लोकसंख्येचा आधार मिळाला, प्रांतांच्या हद्दी होत्या तिथेच राहिल्या. फेब्रुवारीत नाका उघडला. मी कागदपत्रं मुंबईला पाठवली. आठवड्याने अकाउंट्समधून फोन: "साहेब, एक बिल्टी फाटलीये, आणि मागे हे काय गिरबटलंय? पार्टी घेणार नाही. डुप्लिकेट पाठवा."