मुहमालैचे सुरुंग आणि पैशाचा प्रश्न

श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, पण उत्तरेत जाफना आणि किलिनोच्चीच्या मधे मुहमालैला जमिनीत सुरुंग तसेच राहिले, कारण तिथे वर्षानुवर्षं लष्कर आणि एलटीटीई अशा दोन्ही बाजूंची फ्रंटलाइन होती आणि दोघांनीही बेसुमार पेरले होते. हे काढायचं काम किती हळू चालतं माहितीये का, जाड व्हायझर लावून गुडघ्यावर बसायचं आणि छोट्या दाताळ्याने माती थोडी थोडी उकरत पुढे सरकायचं, तेही त्या उन्हात! यात बायका खूप आहेत, काहींचे नवरे युद्धातच गेले, घर याच पगारावर चालतं.

आणि हा पगार येतो कुठून, तर बराचसा अमेरिका, जपान, ब्रिटन अशा देशांच्या मदतीतून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकदम थांबवली तेव्हा जगभर अशी कामं अडकली. मला हे खरंच पटत नाही, ट्रेन केलेली टीम एकदा घरी गेली की परत उभी करायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतं. श्रीलंकेने २०१७ मध्ये सुरुंगबंदी करारात सामील होऊन सगळे सुरुंग काढायला जून २०२८ ची मुदत घेतलीये, मग निदान तोपर्यंतचा निधी तरी देणाऱ्यांनी एकदाच कबूल करावा, दरवर्षी नव्याने हात पसरायला लावू नये.