मागचे आर्म बसले पटकन, अलाइनमेंटवाला मिळेना

गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस, २३० पीएसवाली, सेकंडहँड. आधीच्या मालकाने गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग टाकलेल्या. दिसायला भारी, पण मल्टीलिंक सस्पेन्शनची (प्रत्येक मागचं चाक वेगवेगळ्या आर्मनी धरलेलं) गाडी खाली बसली की मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात (हाच मायनस कॅम्बर), त्यामुळे मागचे टायर आतल्या कडेने पार खाल्लेले, बाहेरून बघाल तर नवे वाटतील. चाकाचा कोन बदलायला कंपनीचे जे एक्सेंट्रिक बोल्ट असतात त्यांची रेंज संपली होती म्हणून वरचे अ‍ॅडजस्टेबल कॅम्बर आर्म आणि टो लिंक मागवल्या (टो म्हणजे वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते). आर्मच्या टोकाचे बुश रबरचेच घेतले. रोझ जॉइंट (रबराऐवजी धातूचा गोळा असलेले सांधे) ट्रॅकवर ठीक, घोडबंदरच्या पावसाळी चिखलात खडखडायला लागतात.

बसवायचं काम वागळे इस्टेटला ओळखीच्या गॅरेजमध्ये झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डोकं फिरलं ते पुढे. ठाण्यातलंच एक चकाचक दुकान, एसी वेटिंग, कॉफी मशीन, बाहेर थ्रीडी अलाइनमेंटचा मोठा बोर्ड. गाडी चढवली तर स्क्रीनवर मागची दोन्ही चाकं लाल, डावा कॅम्बर मायनस २.८, उजवा मायनस २.१, टो पण दोन्हीकडे वेगळा. पोराने पुढचे टाय रॉड फिरवले, पुढचं हिरवं झालं, प्रिंट काढून हातात दिली, "झालं सर." म्हटलं मागचं? "या गाडीला मागचं होत नाही सर." अरे बाबा, त्यासाठीच तर आर्म टाकलेत, ये खाली दाखवतो. आला, बघितलं, म्हणे बाहेरचा पार्ट आहे, हात लावायची परवानगी नाही. मॅनेजरला बोलावलं तर तो मलाच समजावतोय, गाडी खेचत नाही ना, मग मागे थोडं लाल असलं तरी चालतं.

नाही चालत हो! टायर कॅम्बरपेक्षा टो बिघडल्याने जास्त खातो. आणि मागचा टो दोन्हीकडे सारखा नसेल तर थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीला ढकलतात ती दिशा, तिरका होतो, मग गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो (कारण आर्मची लांबी बदलली की टो हलतोच) आणि सगळ्यात शेवटी पुढचं. म्हणजे त्याने केलेलं पुढचं पण वायाच, पैसे मात्र पूर्ण घेतले आणि वर रिव्ह्यू द्या म्हणून मेसेज. बाकीची दुकानं फोनवर "हो हो करतो" म्हणायची आणि गाडी रॅम्पवर चढली की तेच रडगाणं. त्यामुळे फोनवर "मागचं करता का" असं विचारूच नका, "मागच्या आर्मचे लॉक नट सोडून लांबी सेट करून देणार का" असं विचारा (लॉक नट म्हणजे सेट केलेली लांबी पक्की धरणारे नट), समोरचा गप्प झाला की समजायचं.

शेवटी तुर्भ्याला एमआयडीसीत एक काका सापडले. साधी पत्र्याची शेड, पण त्यांनी आधी विचारलं टाकीत पेट्रोल किती, टायरमध्ये हवा किती, डिकीत सामान काय. तिथेच जीव भांड्यात पडला. नट सोडायचा, आर्म फिरवायचा, गाडी दाबून हलवायची, परत रीडिंग. दोन्ही बाजू मायनस दीडवर आणल्या, टो किंचित आत. मी म्हणत होतो कॅम्बर अजून कमी करा, तर म्हणाले, "राहू द्या साहेब थोडा, वळणावर मागची बाजू पकडून राहते."

एक राहिलंच. गॅरेजवाल्याला गाडी लिफ्टवर लटकत असताना बुशचे बोल्ट फायनल टाइट करू देऊ नका. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, तसंच आवळलं तर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हबखाली जॅक लावून नेहमीच्या उंचीवर आणा, मग टॉर्क रेंच. बोल्ट पण नवेच घ्या, टॉर्क दिल्यावर वर अजून अंशात फिरवायचे असतात त्यामुळे जुने ताणलेले असतात.

आणि लॉक नटवर पेंट मार्करने रेघ मारून ठेवा, नट सरकला तर खाली डोकावून लगेच दिसतं. माझा उजवीकडचा खड्ड्यांनी जरासा सरकलेला, काकांनी रीडिंग बघून परत आवळून दिला, पैसे घेतले नाहीत.