पॉलिमरच्या कोडवर बुद्धिबळाचा पट

मी पुण्यात पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्यांची संगणकावर सिम्युलेशनं करते. जाळीवर साखळीचा एकेक मणी पुढे जोडायचा, दर वेळी शेजारच्या मोकळ्या जागा मोजायच्या, चिठ्ठी टाकून त्यातली एक निवडायची आणि ते आकडे गुणत जायचं. हा गुणाकार म्हणजे त्या साखळीचं ‘वजन’. अशा हजारो गुणाकारांची सरासरी म्हणजे त्या लांबीच्या एकूण साखळ्यांचा अंदाज. मार्शल आणि अरियाना रोझेनब्लुथ यांची ही १९५५ची पद्धत. त्या शनिवारी क्लस्टर, म्हणजे आमचा संगणकांचा ताफा, रिकामा होता, म्हणून शक्य डाव किती हे काढायला जाळीच्या जागी बुद्धिबळाचा पट घातला आणि मोकळ्या जागांऐवजी नियमात बसणाऱ्या चाली मोजल्या.

सुरुवातीला दोघांकडेही २०-२० चाली. पुढे फरक पडतो. दोघांनी हत्तीपुढचं प्यादं एकच घर सरकवलं, तर पांढऱ्याला १९ चाली उरतात. राजापुढचं दोन घरं सरकवलं, तर २९. पांढऱ्याच्या तीन आणि काळ्याच्या दोन चाली झाल्या की शक्य चालक्रम बरोबर ४८,६५,६०९ होतात. हे संगणकावर एकेक करून मोजलेलं आहे. माझी सरासरी त्याला जवळजवळ चिकटून आली. काळ्याची तिसरी चाल धरून ११,९०,६०,३२४, तिथेही तसंच. मी खुर्चीतून उठलेच!

गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० साली दोघांच्या एकेका चालीमागे मिळून हजार शक्यता धरल्या आणि ४० चालींच्या शक्य डावांची संख्या १०चा १२०वा घात काढली. त्याने धरलेलं आता मोजता येईल, असं वाटलं.

डाव लांबवले आणि सरासरी उड्या मारायला लागली. प्रत्येक रनला वेगळा आकडा. वजनं उतरत्या क्रमाने लावली, तर जवळजवळ सगळी बेरीज मूठभर डावांची निघाली. त्या डावांत वजीर, हत्ती, उंट मोकळे सुटलेले आणि चालीमागे चाळीस-पन्नास पर्याय. लांब पॉलिमरचं दुखणं हेच.

सरांना फोन केला. “सर, पटावरही वजनं फुटतायत.”

“मग ग्रासबर्गर लाव की!”

म्हणजे पीटर ग्रासबर्गर यांचं १९९७चं तंत्र: जड डावाच्या वाटेतच प्रती काढून वजन त्यांच्यात वाटायचं, हलक्यांपैकी निम्मे चिठ्ठी टाकून सोडायचे, उरलेल्यांचं वजन दुप्पट करायचं. रात्रीपर्यंत आकडे बरेच स्थिरावले.

पण यात वजीर फुकट देणारे डावही मोजले जातात, आणि मला हवेत शहाणे डाव. त्यासाठी इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, गुणांवरून प्रत्येक चालीची ऊर्जा ठरवायची (चांगल्या चालीला कमी) आणि तापमान हळूहळू उतरवत न्यायचं, म्हणजे वाईट चाली कमी कमी निवडल्या जातील. सोमवारपासून तेच हाती घेणार आहे.