काळ्या मातीवरचा ट्रॅक

आज दिवसभर सोलापूरच्या उन्हात श्रमदान. गाड्यांच्या शर्यतीचा कच्चा ट्रॅक करायचा म्हणजे निम्मं भांडण इथल्या काळ्या मातीशीच! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम ओतला तर पहिल्या मोठ्या पावसात तो खाली रुततो. म्हणून आधी काळी माती खरवडून काढायची, मग मुरूम, तोही दोन थरांत. 100 मीटर लांब, 8 मीटर रुंद पट्ट्यावर दबलेला 6 इंच थर हवा तर हिशेब 43 ब्रासचा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण रोलरखाली मुरूम बसतो, तेव्हा 55 तरी मागवा.

ओल बघायची खूण साधी. मूठभर मुरूम दाबा. गोळा झाला आणि हाताला चिकटला नाही की रोलर फिरवा. टँकरनं पाणी जास्त मारलं की सगळं रोलरला चिकटून वर येतं. दुपारी नेमकं तेच झालं. वाळेपर्यंत थांबायचा धीर कुणाला असतो?

वळणावरच्या जुन्या टायरच्या भिंती दोरीनं बांधू नका, उन्हानं दोरी कुजते. नट-बोल्ट आणि मोठे वॉशर घ्या. टायरच्या खालच्या बाजूला भोकं पाडा, नाहीतर डासांची पैदास.

चहाला विषय निघाला चेन्नईजवळच्या शोलावरमचा. मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथल्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या, पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा साधारण 3.7 किलोमीटरचा ट्रॅक बांधला. तो 1990 मध्ये सुरू झाला. त्यांना सुरुवातीला आयती धावपट्टी तरी मिळाली. आपल्याकडे अजून 20 ब्रास मुरूम यायचाय.