बातिस्तुताचे घोटे आणि माझा एक

सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं मी भिंत धरून चालतो. उजवा घोटा. रात्रभर गंजल्यासारखा होऊन बसतो आणि मग बाथरूमपर्यंत जाईस्तोवर हळूहळू सुटतो. बायको म्हणते एकदा ऑइलिंग करून घ्या. परवा असाच भिंतीला हात लावून उभा होतो आणि बातिस्तुता आठवला, म्हटलं आज लिहूनच टाकू, लई दिवस डोक्यात आहे.

आता विशीतल्या पोरांना गाब्रिएल बातिस्तुता कोण ते सांगावं लागतं, हेच मला झेपत नाही. मेस्सीच्या आधी अर्जेंटिनाकडून सगळ्यात जास्त गोल मारलेला माणूस, भावा! आमच्या कोल्हापुरात अर्ध्या पेठा ब्राझीलच्या आणि अर्ध्या अर्जेंटिनाच्या, आणि आमची गल्ली कुठली ते आता कळलंच असेल. ९८ च्या वर्ल्डकपला मी चौदा वर्षांचा. लागोपाठ दोन रविवार. पहिल्या रविवारी संध्याकाळी जपानची मॅच, १-०, गोल बातिस्तुताचा, गोलकीपर पुढं आला आणि ह्यानं बॉल अलगद त्याच्या अंगावरून उचलून टाकला. दुसऱ्या रविवारी रात्री जमैका, आणि तिथं शेवटी शेवटी दहाएक मिनिटांत तीन गोल. ९४ ला ग्रीसविरुद्ध पण त्याची हॅटट्रिक होतीच. दोन वेगवेगळ्या वर्ल्डकपमध्ये हॅटट्रिक मारलेला आजवर तो एकटाच आहे.

त्या रात्रीनंतर आमच्या गल्लीत कुणीपण गोल मारला की बातिस्तुता करायचा तसं हातात नसलेली मशिनगन धरून उभं राहायचं. मी त्याच्यासारखे केस वाढवले. पप्पांनी आठ दिवसांत न्हाव्याकडं नेऊन कापून आणले, ते वेगळं.

गंमत म्हणजे हा माणूस लहानपणी बास्केटबॉलवाला. सांता फे प्रांतात रेकॉन्किस्ता नावाचं गाव आहे, तिथं वाढला, बाप कत्तलखान्यात कामाला, आई शाळेत सेक्रेटरी. ७८ चा वर्ल्डकप अर्जेंटिनातच झाला, केम्पेसनं जिंकून दिला, ते बघून हा फुटबॉलकडं वळला. रोसारिओच्या नेवेल्स क्लबला आला तेव्हा अंगानं चांगलाच जाड, पोरं गोर्दो म्हणजे जाड्या म्हणूनच हाक मारायची. तिथं कोच होता मार्सेलो बिएल्सा. पोरगं अल्फाहोर लई खायचं, म्हणजे दोन बिस्किटांच्या मध्ये पेढ्यासारखं आटवलेलं दूध भरलेलं असतंय, ते बिएल्सानं बंद केलं आणि पावसात पळवलं. मग रिव्हर प्लेट क्लब, तिथं कोच पासारेलानं बाकावर बसवला, मग थेट त्यांच्या वैऱ्याकडं बोका ज्युनियर्सला, आणि तिथं सुटला. ९१ च्या कोपा अमेरिकेत सहा गोल, कप अर्जेंटिनाला, आणि हा इटलीला फिओरेंतिना क्लबात.

फिओरेंतिनाचा भाग मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. ९२-९३ ला ह्यानं लीगमध्ये १६ गोल मारले तरी टीम खालच्या डिव्हिजनला गेली. दुसरा कोण असता तर एजंटला फोन लावला असता. हा थांबला. सेरी बी खेळला, टीमला वर आणलं, आणि वर आल्यावर ९४-९५ च्या सीझनला पहिल्या ११ मॅचमध्ये सलग गोल मारले, प्रत्येक मॅचला! तीस वर्षांपूर्वीचा पास्कुत्तीचा दहा मॅचचा रेकॉर्ड मोडला. त्या सीझनला २६ गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. फॅन लोकांनी त्याचा पुतळा उभा केला, जिवंत खेळणाऱ्या माणसाचा.

नऊ वर्षं राहिला आणि लीग काय मिळाली नाही. मिळणार होती खरं. ९८-९९ ला ट्रापाटोनी कोच, टीम टेबलमध्ये वर, आणि फेब्रुवारीत मिलानविरुद्ध ह्याला दुखापत. बरं दुसरा स्ट्रायकर कोण, तर ब्राझीलचा एडमुंडो, आणि तो नेमका त्याच टायमाला रिओच्या कार्निव्हलला निघून गेला! फायनलला पोरगं गावच्या जत्रेला जातंय ते फक्त आमच्याकडंच असं मला वाटायचं. तिसरे आले.

शेवटी २००० साली रोमाला गेला, ७० अब्ज लिरांना, वय ३१. त्या वयाच्या माणसाला एवढे पैसे म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली. त्याला लीग पाहिजे होती, बाकी काय नाही. नोव्हेंबरात मॅच पडली फिओरेंतिनाशीच. ०-० चाललेली, सात-आठ मिनिटं राहिलेली, आणि ह्यानं लांबून असा एक फटका मारला की कीपरनं फक्त बघितलं. टीमवाले सगळे अंगावर येऊन पडतायत आणि हा त्यांच्यामध्ये उभा, हात खाली, डोळ्यात पाणी. मशिनगन नाही. तो क्लिप बघा कधीतरी, गोलपेक्षा पुढची वीस सेकंद बघा. २० गोल मारले त्या सीझनला आणि २००१ च्या जूनमध्ये रोमाला लीग मिळाली. त्यांच्या अख्ख्या इतिहासातली तिसरी.

त्यानंतर उतारच. २००२ चा वर्ल्डकप, कोच परत तोच बिएल्सा, नायजेरियाविरुद्ध हेडरनं एक गोल मारला आणि मग स्वीडनच्या मॅचला ह्याला बाहेर काढून दुसरा स्ट्रायकर क्रेस्पोला घेतलं. दोघांना एकत्र खेळवायचंच नाही हा बिएल्साचा हट्ट मला आजपण पटलेला नाही. दुपारी बाराची मॅच होती आपल्याकडं, मी कॉलेज बुडवून बसलेलो, १-१ झालं, अर्जेंटिना गटातच बाहेर आणि बाकावर हा रडतोय. आमच्या घरात त्या दिवशी टीव्ही बंद केला तो रात्रीच लावला. मग थोडे दिवस इटलीचंच इंटर, मग कतारचं अल-अरबी, तिथं पण गोलांचा पाऊस, आणि २००५ ला बंद.

आणि इथून पुढचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

२०१४ साली त्यानं अर्जेंटिनाच्या टीव्हीवर मुलाखत दिली. खेळ सोडल्यावर दोनच दिवसांत चालता येईना. पहाटे चारला लघवीला लागायची, संडास तीन मीटरवर, पण पाय टेकले की घोटे पेटायचे म्हणून माणूस अंथरुणातच करायचा. शेवटी ओळखीच्या डॉक्टरकडं गेला आणि म्हणाला पाय कापून टाका. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम पायांवर पळणारा पिस्टोरियस होता ना, त्याचं उदाहरण दिलं, म्हणाला मला तसले पाय द्या. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. घोट्यातली गादी पूर्ण झिजलेली, ८६ किलोचा माणूस नुसता हाडावर हाड ठेवून उभा. मग एक घोटा स्क्रू घालून जाम केला. २०१९ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला जाऊन दुसरा घोटा कृत्रिम बसवला.

बरं ह्या माणसाला फुटबॉलचं वेड होतं असं म्हणावं तर तेपण नाही. तो उघड सांगायचा, ही माझी नोकरी आहे. रिटायर झाल्यावर पोलो खेळायला लागला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रागच आला होता, आम्ही इथं तुझ्यासाठी भांडणं केली आणि तुला आवडतच नाही व्हय! आता वाटतं नोकरी म्हणून करत होता म्हणूनच दुखत असताना पण रोज कामावर गेला असेल, आपले बाप जायचे तसं.

माझं म्हणाल तर मी तालमीच्या टीमला तीन सीझन स्ट्रायकर. शाहू स्टेडियमवर सेमीफायनल होती, घोटा टम्म सुजलेला, आणि एक डॉक्टर होते, नाव नको, ते मॅचआधी इंजेक्शन द्यायचे. बूट घालताना काहीच कळलं नाही, अख्खी मॅच काही कळलं नाही. ०-१ हरलो. रात्री कळलं. मागच्या वर्षी एक्सरे काढला तेव्हा ह्या नव्या डॉक्टरनं विचारलं, खेळत होता काय? म्हटलं हो, स्ट्रायकर. जरा छाती काढूनच म्हटलं. त्यांनी मान वर न करता लिहिणं चालू ठेवलं.

रविवारी पुतण्या आला होता, सतरा वर्षांचा, घोट्याला क्रेप बँडेज. म्हणतोय काका, परवा मॅच आहे, ते इंजेक्शनवाले डॉक्टर अजून बसतात काय? मी उत्तर न देता मोबाईलवर ती मुलाखत लावून दिली, खाली सबटायटल होते. दोन मिनिटं बघितली असेल नसेल त्यानं, मग खालच्या व्हिडिओवर बोट मारलं, जमैकाचे गोल. मी मोबाईल काढून घ्यायला पाहिजे होता. पहिला गोल झाला, दुसरा झाला, तिसरा पेनल्टी आहे म्हणून तो पुढं ढकलायला लागला तर मीच म्हटलं, थांब की, बघू दे.