मेलेल्या खलिफाचा टंका

जिल्ह्यातून निखात निधीची, म्हणजे जमिनीत सापडलेल्या पुरलेल्या धनाची, पेटी आली की आमच्या नाणेविभागात पंचनामा, मोजदाद, वजन हे चक्र सुरू होतं. बाहेरच्यांना ठाऊक नसतं ते एवढंच, की नाणी सापडताच लोक ती चिंच-राखेनं घासतात, आणि चकाकी येते तिथलं अक्षर जातं. या पेटीत बहुतेक टंके, म्हणजे दिल्लीच्या सुलतानांची नाणी, अलाउद्दीन खलजीचे होते. एकच जुना, बल्बनचा. वाद झाला तो त्याच्यावर.

नोंदी तपासणाऱ्या साहेबांनी त्याच्यापुढे पेन्सिलीनं ‘बनावट?’ असं लिहून ठेवलं होतं. नाण्याच्या एका बाजूला ‘अल-इमाम अल-मुस्तासिम, अमीर अल-मुमिनीन’ (श्रद्धावंतांचा सरदार, म्हणजे खलिफा) असा लेख. बगदादचा हा अब्बासी खलिफा १२४२ ला गादीवर आला आणि फेब्रुवारी १२५८ मध्ये हुलागूच्या मोंगलांनी शहर घेतल्यावर मारला गेला. बल्बन दिल्लीचा सुलतान झाला १२६६ मध्ये. मग त्याच्या नाण्यावर याचं नाव कसं? साहेब मंदिरांवर उत्तम लिहितात, पण अरबी लेख दिसला की त्यांचा धीर सुटतो आणि पेन्सिल पुढे येते.

मी कड, म्हणजे काठावरचा लेख, वाचायला घेतली. या टंक्यांची गंमत अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे ‘हजरत देहली’ आणि साल लिहिलेली कड बहुतेक वेळा नाण्याबाहेरच पडते. आमच्या नाण्यावर घाव एका बाजूला सरकून बसला होता, म्हणून थोडी कड वाचली. उजेड तिरका धरला, नाणं फिरवत राहिले. साल अक्षरांत असतं, एकक आधी: ‘समान’, म्हणजे आठ. दशक मात्र छळतं. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, नसले की ‘सबईन’ आणि ‘तिसईन’, सत्तर आणि नव्वद, जवळपास एकसारखे दिसतात. नव्वद धरले तर हिजरी ६९८, आणि तोवर बल्बन मरून दहा-बारा वर्षं झालेली. म्हणजे सत्तरच. हिजरी ६७८, इसवी १२७९-८०.

खलिफाला जाऊन एकवीस वर्षं झाल्यावरचं नाणं, आणि तरी अस्सल. वजन १०.८ ग्रॅम, अक्षराची धाटणी दिल्लीची. हे अपवादात्मकही नाही, कारण जलालुद्दीन खलजीच्या नाण्यांवर, म्हणजे थेट १२९६ पर्यंत मुस्तासिम आहे.

दिल्लीला बातमी नव्हती असं म्हणायची सोय नाही. दिल्लीचाच काझी मिन्हाज-उस-सिराज याच्या ‘तबकात-ए-नासिरी’त बगदादच्या पाडावाची हकीकत आहे, आणि तो ग्रंथ १२६० च्या सुमारास पुरा झाला. पुढच्याच वर्षी इजिप्तचा मम्लूक सुलतान बैबर्स यानं कैरोत नवा अब्बासी खलिफा बसवला. दिल्लीनं त्याचं नाव घातलं नाही.

का, हे मला अजून सुटलेलं नाही. दिल्लीचा आधीचा सुलतान इल्तुतमिश याला १२२९ मध्ये मुस्तासिमच्या बापाकडून, अल-मुस्तन्सिरकडून, मान्यतेची वस्त्रं आली होती. त्या घराण्याचा शिक्का सोडणं म्हणजे आपल्या गादीखालची वीट काढणं, असं एक उत्तर. दुसरं माझं, जरा कुजकं: कैरोतला खलिफा मम्लूकांच्या मुठीत, आणि मेलेला खलिफा काहीच मागत नाही. बल्बनसारख्या माणसाला असाच वरिष्ठ परवडला असणार. जिवंतपणी मुस्तासिमचा हुकूम इराकपलीकडे चालत नव्हता. मेल्यावर तो दिल्लीत ३८ वर्षं चालला. अलाउद्दीननं मात्र त्याचं नाव काढून ‘यमीन अल-खिलाफत’, खिलाफतीचा उजवा हात, असं स्वतःलाच म्हणवून घेतलं. आमच्या पेटीत हे दोघं शेजारी-शेजारी होते, ही मजा नोंदवायला कुठे रकानाच नाही.

रकान्यांवरूनच पुढे अडलं. साहेबांनी माझं टिपण वाचलं, ‘बनावट’ खोडलं, वर चहाही पाजला. पण संगणकातल्या नमुन्यात नाण्यावरचं नाव आणि त्याची कारकीर्द असे दोन रकाने आहेत आणि नाण्याचं साल त्या कारकिर्दीबाहेर गेलं की नोंद पुढे सरकत नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं नाणं हातात धरलं नसावं. शेवटी खलिफाला शेऱ्यात ढकललं आणि वर नुसतं ‘बल्बन’ ठेवलं.

मुहम्मद तुघलकाची नाणी येतील तेव्हा हाच वाद पुन्हा होणार. त्यानं कैरोचा खलिफा अल-मुस्तक्फी याचं नाव घातलं, तेही तो १३४० मध्ये वारल्यानंतर. टिपण जपून ठेवलंय. नावं आणि सालं तेवढी बदलायची.